खेळ की भांडण?

मुलाकडे कॅलिफोर्नियात सहा महिन्यांसाठी गेलेल्या एका आजींचं पत्र आलं आहे. घरच्या लॅब्रेडॉरला संध्याकाळी कुत्र्यांच्या बागेत न्यायचं काम त्यांच्याकडे आहे. तिथे पट्टा सोडून कुत्री मोकळी खेळतात. आजी लिहितात, "एकमेकांची मानगूट धरतात, गुरगुरतात, उताणं पाडतात. मालक मात्र बाकावर निवांत. हा खेळ की भांडण, ओळखायचं कसं?"

अशा बागांची सुरुवात कॅलिफोर्नियातलीच. बर्कलीच्या लोकांनी आग्रह धरून रेल्वे जमिनीखालून न्यायला लावली. वर मोकळ्या राहिलेल्या जागेवर ओलोनी पार्क झालं आणि १९७९ मध्ये त्यातला एक तुकडा कुंपण घालून कुत्र्यांसाठी राखला गेला. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अशा बागांमध्ये त्याची गणना होते. आता आपल्याकडेही त्या होऊ लागल्या आहेत. हैदराबादेत कोंडापूरला २०१८ मध्ये महापालिकेने अशी बाग उघडली.

आता आजींच्या प्रश्नाकडे. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर, असा कुत्र्याचा 'नमस्कार' सगळ्यांनी पाहिलेला असतो. कोलोरॅडोचे प्राणी-वर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्रा, लांडगा आणि कायोटी (लांडग्याचाच एक छोटा भाऊबंद) यांच्या पिल्लांचा खेळ बारकाईने तपासला. त्यांच्या १९९५ च्या निबंधातली गोष्ट मोठी सुंदर आहे. तोंडात धरून डोकं जोरात झटकणं ही शिकार मारायची रीत. खेळात असा चावा आला, की त्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर हा नमस्कार जास्त वेळा दिसतो. 'हे खरं नाही हं!' असंच जणू सांगणं. लुटुपुटीच्या लढाईची ही खूण.

कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचं काम मला त्याहून प्रिय आहे. सॅन दिएगोत त्यांनी मोकळ्या कुत्र्यांचा खेळ चित्रित केला आणि व्हिडिओ एकेक फ्रेम थांबवून पाहिला. २००९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. कुत्रा हा नमस्कार बहुतेक वेळा समोरचा आपल्याकडे पाहत असतानाच करतो. सोबती पाठमोरा असेल तर आधी त्याला नाकाने ढोसतो, भुंकतो किंवा त्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो आणि त्याचं लक्ष वेधल्यावर मग खूण करतो. सोबत्याचं लक्ष कुठे आहे याचं एवढं भान ठेवणाऱ्या प्राण्याला बागेत सोडून त्याच्या माणसाने मोबाइलमध्ये डोकं घालावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आजी, तुम्ही एवढं पाहा. पाठलागात पाळी बदलते का? मोठा कुत्रा मधूनच आपणहून उताणा पडतो का? दोघं क्षणभर थांबून अंग झटकतात का? मग खेळ चालू द्या. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली किंवा शेपूट पायांत असेल, तर थांबवा. शंका असली तर वरचढ कुत्र्याला जरा धरून ठेवा. सुटलेला पुन्हा त्याच्याकडेच आला तर खेळ होता. लांब निघून गेला तर त्याला तो नको होता.

नुसत्या शेपटीवर विसंबू नका. इटलीतल्या संशोधकांना २००७ मध्ये असं आढळलं, की मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. हलत असतं ते दोन्ही वेळा.

बाकीची जबाबदारी फाटकापाशीच सुरू होते. बहुतेक बागांना एकामागे एक दोन फाटकं असतात. पहिलं लावून घ्यायचं, पट्टा काढायचा, मगच दुसरं उघडायचं. मोकळ्या कुत्र्यांमध्ये बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून तो घाबरून दात दाखवतो. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नये. खाऊ आणि आवडतं खेळणं घरीच ठेवावं. छोट्या कुत्र्यांसाठी वेगळा भाग असेल तर तोच वापरावा. किंचाळत पळणारं छोटं कुत्रं मोठ्याला शिकार वाटू शकतं. भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका, पाणी मारा किंवा मोठा आवाज करा. माणसाला दात लागला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठा. आपल्याकडे रेबीजमुळे यात हयगय नकोच.

आणि आजी, उद्या बाकावर बसू नका. कुंपणाच्या कडेने चालत राहा. खेळ रंगात असताना मधूनच आपल्या लॅब्रेडॉरला हाक मारा, आला की पाठ थोपटा आणि परत सोडा. खेळ तापेल त्या दिवशी त्याला बाहेर काढायला हीच हाक उपयोगी पडेल.