रस्ता ‘भलत्याच ठिकाणी’ ओलांडणाऱ्याचा भरपाईचा हक्क

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली आणि त्यांपैकी 32,825 माणसे पायी चालणारी होती. या मृतांच्या आणि त्यांहून कितीतरी अधिक असणाऱ्या जखमींच्या घरी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हटकून ऐकू येते. झेब्रा पट्ट्यावरून न जाता मधूनच रस्ता ओलांडला, म्हणजे चूक पायी चालणाऱ्याचीच, आणि मग भरपाई कसली, असे ते वाक्य असते. ते वाहनमालक म्हणतो, बघे म्हणतात, कधी पोलीस ठाण्यातही कोणीतरी म्हणते. आणि अखेर घरचेच ते खरे मानून गप्प बसतात. कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य चुकीचे आहे, आणि त्यापायी असंख्य कुटुंबे हक्काच्या रकमेला मुकतात.

या गैरसमजाच्या मुळाशी दोन वेगवेगळ्या कार्यवाहींची सरमिसळ आहे. चालकाला शिक्षा व्हावी म्हणून शासन जो खटला चालवते तो फौजदारी असतो आणि तेथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईचा अर्ज मात्र मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 166 नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे केवळ अशा दाव्यांसाठी स्थापन झालेल्या न्यायमंचापुढे केला जातो, आणि तेथे कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढेच पाहिले जाते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला तरी तेवढ्याने भरपाईचा दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1980 मध्ये एन. के. व्ही. ब्रदर्स प्रकरणातच स्पष्ट केले आहे.

आता पायी चालणाऱ्याची चूक खरोखरच असेल तर काय, हा प्रश्न उरतो. अशा वेळी ‘अंशदायी निष्काळजीपणा’ हे तत्त्व लागू होते, म्हणजे ज्याला इजा झाली त्याच्या स्वतःच्या बेसावधपणाचाही अपघाताला हातभार लागला असेल, तर त्याच्या वाट्याच्या प्रमाणात रक्कम कमी केली जाते. रक्कम कमी होते, दावा नाहीसा होत नाही. शिवाय हा बेसावधपणा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर, म्हणजे बहुधा विमा कंपनीवर असते. केवळ घटनास्थळाच्या पंचनाम्यातील वाहनांच्या स्थितीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, त्यासाठी थेट किंवा पूरक पुरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जिजू कुरुविला प्रकरणात 2013 मध्ये म्हटले आहे. दुसरीकडे, वाहनचालनाच्या 2017 च्या विनियमांनी पादचारी, मुले, वृद्ध व अपंग यांच्याबाबत विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे. ते कर्तव्य पट्टा नसलेल्या जागी संपत नाही. जेथे पदपथ फेरीवाल्यांनी आणि दुचाकींनी व्यापलेला असतो आणि जवळचा पट्टा अर्धा किलोमीटर दूर असतो, तेथे माणसाने रस्ता ओलांडावा तरी कोठून, हे विचारल्याशिवाय त्याच्यावर बेजबाबदारपणाचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

या तत्त्वाचा अर्थ आकड्यांत पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो. समजा, महिना 12,000 रुपये मिळवणारी 38 वर्षांची भाजीविक्रेती रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेने मरण पावली आणि तिच्यामागे पती व दोन मुले असे तीन अवलंबित आहेत. तिचे वार्षिक उत्पन्न 1,44,000 रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार (2017) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या बाबतीत त्यात भावी वाढीपोटी 40 टक्के मिळवले की 2,01,600 रुपये होतात. तिच्या स्वतःच्या खर्चासाठी एक तृतीयांश वजा केल्यावर 1,34,400 रुपये उरतात, आणि सरला वर्मा निकालातील (2009) तक्त्याप्रमाणे 36 ते 40 या वयोगटासाठीच्या 15 या गुणकाने गुणले की रक्कम 20,16,000 रुपये होते. अंत्यविधीचा खर्च आणि कुटुंबाने गमावलेल्या सहवासाची भरपाई यांसारख्या ठरावीक रकमा वेगळ्या. न्यायाधिकरणाने तिचा दोष 25 टक्के धरला, तरी 15,12,000 रुपये उरतातच. ‘चूक आपलीच’ म्हणून अर्जच न करणारे कुटुंब या सगळ्या रकमेवर पाणी सोडते.

दोषाचा वाद मुळीच नको असेल तर कलम 164 चा मार्ग आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या या तरतुदीनुसार मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करता मिळतात. पादचाऱ्याला अशी दोषनिरपेक्ष भरपाई असायला हवी, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये गुजरात एस.टी. महामंडळाच्या एका प्रकरणात आग्रहाने मांडला होता. मात्र येथे एक धोका आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. कलम 149 मधील तडजोडीच्या प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली की कलम 166 खालील दावा संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणातील कुटुंबाने 5 लाख घेऊन कागदावर सही केली, तर उरलेल्या 10 लाखांहून अधिक रकमेची वाट त्यानेच बंद केलेली असते. म्हणून कंपनीचा अधिकारी मसुदा पुढे करतो तेव्हा सहीपूर्वी वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला तो दाखवणे आवश्यक आहे.

इतर गैरसमज थोडक्यात निस्तरता येतात. पायी चालणाऱ्याचा स्वतःचा विमा नव्हता, हा मुद्दा अप्रस्तुत आहे, कारण कलम 146 ने वाहनमालकावर सक्तीचा केलेला तृतीय पक्ष विमा रस्त्यावरच्या इतरांसाठीच असतो. वाहनाचा विमाच नसेल, तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. चालकाकडे वैध परवाना नसल्यास अनेक प्रकरणांत विमा कंपनीला आधी भरपाई द्यावी लागते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करता येते; हे सूत्र स्वर्ण सिंह प्रकरणात 2004 मध्ये सांगितले गेले. गृहिणीला उत्पन्न नाही म्हणून भरपाई नाही, हे तर सपशेल खोटे आहे, तिच्या घरकामाचे मूल्य न्यायालये धरतात. इस्पितळाचे बिल मेडिक्लेममधून भागले म्हणून तेवढी रक्कम दाव्यातून कापली जात नाही; मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये तसा निर्णय दिला आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तरी कलम 161 च्या योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात व त्यासाठी अर्ज न्यायालयात नव्हे, तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. अपघात पुण्यात झाला म्हणून दावाही तेथेच दाखल करावा लागतो असे नाही. बीडला राहणाऱ्या मजुराचे कुटुंब बीडमध्येच अर्ज करू शकते.

‘बरे वाटल्यावर पाहू’ हा विचार मात्र गैरसमजापेक्षा धोकादायक आहे. 1994 मध्ये रद्द झालेली सहा महिन्यांची मुदत 2019 च्या दुरुस्तीने कलम 166(3) मध्ये परत आणली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून अंमलात आहे. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तथापि त्या भरवशावर कोणीही थांबू नये. नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवाल अर्ज म्हणून ग्राह्य धरता येतो, परंतु तो गेला की नाही हे कुटुंबाने स्वतः पोलीस ठाण्यात विचारावे. प्रथम खबर अहवालाची प्रत, पंचनामा, वाहनाच्या विमापत्राचा क्रमांक, इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि कमाईचा कोणताही पुरावा, मग ती मालकाने दिलेली साधी चिठ्ठी असली तरी, पहिल्या काही आठवड्यांतच गोळा करून ठेवावे लागतात.