विणलेलं पांघरूण वादळग्रस्तांपर्यंत पोचतं कसं?

अमेरिकेच्या किनाऱ्यावर मोठं हरिकेन आदळलं की देशभरात सुया आणि क्रोशे बाहेर निघतात. चर्चच्या सभागृहांत, ग्रंथालयांत, वृद्धांच्या वसाहतींत विणणाऱ्या आणि गोधड्या शिवणाऱ्या बायकांचे गट तिथे वर्षानुवर्षं चालत आले आहेत. घर वाहून गेलेल्या माणसाला आपल्या हाताने केलेलं पांघरूण द्यावं, ही ओढ आपल्याला समजावून सांगायला नको. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी अंगावर घेऊन वाढलेल्यांना ती आतूनच कळते. पण पांघरूण तयार होणं आणि ते गरजूच्या हातात पडणं यांच्यामध्ये मोठं अंतर असतं, आणि त्या अंतराविषयीच बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: हरिकेन उष्ण प्रदेशात येतं, तिथे पांघरुणाचं काय काम?

वस्तुस्थिती: वादळ कुठे आलं आणि कोणत्या महिन्यात आलं, त्यावर हे ठरतं. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हरिकेन प्वेर्तो रिकोवर आदळलं, तेव्हा सगळ्या बेटाची वीज गेली. उकाडा होताच. लोकांना हवं होतं पाणी, औषधं, जनरेटर आणि उडालेल्या छपरावर अंथरायला ताडपत्री. लोकरीच्या जाड ब्लँकेटांचे खोके तिथे नुसती जागा अडवत बसले असते.

सँडीची गोष्ट वेगळी. ते २९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं आणि लाखो घरं अंधारात गेली. न्यू जर्सीत मराठी वस्तीही मोठी, तेव्हा हे दिवस आपल्यातल्याही अनेकांनी काढलेले आहेत. वीज नाही म्हणजे घर तापवायची सोयही नाही. त्यात ७ नोव्हेंबरला दुसरं वादळ आलं, ते बर्फ घेऊन. त्या रात्री पांघरूण ही अन्नाइतकीच निकडीची वस्तू होती.

२०२४ मधलं हेलीन तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत जाऊन कोसळलं. ॲशव्हिल शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. वादळ सप्टेंबरच्या शेवटी आलं, आणि ऑक्टोबरात तिथे दहिवर गोठायला लागतं. रस्ते खचले होते, काही वस्त्यांवर तर खेचरांच्या पाठीवरून सामान न्यावं लागलं. घर गमावलेली कितीतरी कुटुंबं तंबूत आणि राहण्याची सोय असलेल्या गाड्यांत राहत होती. गोधड्या शिवण्याची परंपरा याच डोंगरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. घराघरातल्या जुन्या गोधड्याही चिखलात गेल्या, ही हानी कोणत्याही पंचनाम्यात भरता येत नाही.

आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. २००५ मध्ये कतरिनानंतर न्यू ऑर्लिन्समधून हजारो लोकांना ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियमवर नेलं. बाहेर ऐन उन्हाळा, पण स्टेडियम वातानुकूलित. अशा मोठ्या निवाऱ्यात अंगावरच्या कपड्यांनिशी आलेलं, रात्र रात्र न झोपलेलं मूल भर उन्हाळ्यातही कुडकुडू शकतं.

गैरसमज: जितक्या लवकर पाठवू तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. पहिल्या दिवसांत रस्ते, बंदरं, विमानतळ, ट्रक, गोदामं आणि राबणारे हात, सगळंच अपुरं असतं. १९९८ च्या मिच हरिकेनमध्ये मध्य अमेरिकेत ११,००० हून अधिक माणसं गेली. त्या वेळी होंडुरासमध्ये मदतसामग्री घेऊन आलेलं एक विमान उतरू शकलं नाही, कारण धावपट्टीवर दान आलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते. अमेरिकी सरकारच्या आपत्तीमदत माहिती केंद्राच्या माजी संचालक जुआनिता रिलिंग यांनी ही हकिकत पुढे जाहीरपणे सांगितली आहे. न मागता आलेल्या अशा सामानाच्या लोंढ्याला मदतकार्यातले लोक ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात. त्यांचा हा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

शिवाय पुराचं पाणी शिरलेल्या घरात चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागते. भिंती ओल्या, कपाटं फुगलेली, गाद्या रस्त्यावर काढलेल्या. अशा घरात नवं पांघरूण ठेवायचं कुठे? दोन दिवसांत तेही कुबट होऊन कचऱ्यात जाणार. निवाऱ्यातल्या खाटेवर लगेच लागणारी ब्लँकेटं मोठ्या संस्था आधीच गोदामात साठवून ठेवतात. ती एकसारखी, हलकी आणि मोजायला सोपी असतात. त्या कामासाठी तीच योग्य. अमेरिकन रेड क्रॉस सर्वसाधारणपणे लोकांकडून घरगुती वस्तू घेतच नाही, ते याच कारणामुळे. त्यात विणणाऱ्यांचा अपमान नाही.

गैरसमज: नसण्यापेक्षा जुनंपानं बरं.

वस्तुस्थिती: अजिबात नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. सर्वस्व गमावलेल्या कोळी कुटुंबांनी ते उतरलेले कपडे घातले नाहीत, आणि का घालावेत? अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ संस्थेने पुढे ते निवडून, साफ करून वापरात आणण्याचं मोठं काम केलं, पण ते काम मुळात कुणावर पडायलाच नको होतं.

गैरसमज: हाताने केलेलं आहे ना, मग कसंही चालेल.

वस्तुस्थिती: अस्सल लोकरीचं ब्लँकेट विणणारीला सर्वांत मोलाचं वाटतं. पण घेणारी बाई सार्वजनिक धुलाई-यंत्रात कपडे धुते आणि यंत्रातच वाळवते. गरम पाण्यात आणि त्या सुकवणीत लोकर आटते, जाड घट्ट नमदा होऊन बसते. म्हणून साधा ॲक्रिलिक धागा किंवा सुती कापड घ्यावं. टाचण्या राहिल्या नाहीत ना, हे पाहताना नुसतं बघू नये, सगळ्या पांघरुणावरून तळहात फिरवावा. सुटे धागे आत घ्यावेत. लहान मुलांसाठी असेल तर बटणं, मणी, लांब झालरी नकोत आणि जाळीदार वीणही नको, तिच्यात बोटं अडकतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण ठेवू नये, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. ही सूचना चिठ्ठीवर जरूर लिहावी. विणणारीच्या घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर तो वास धाग्यात मुरतो आणि दम्याच्या मुलाला त्याचा त्रास होतो.

आकारही विचारून घ्यावा. तात्पुरत्या ट्रेलर-घरात दोघांच्या पलंगाची अवजड गोधडी मावत नाही.

गैरसमज: ऊब तर कारखान्यातलं ब्लँकेटही देतं, मग एवढा खटाटोप कशाला?

वस्तुस्थिती: उबेपुरतं पाहिलं तर कारखान्यातलं ब्लँकेट पुरेसं आहे. पण १९९५ मध्ये अमेरिकेत कॅरन लाउक्स यांनी ‘प्रोजेक्ट लायनस’ सुरू केला, तो वेगळ्या गरजेतून. कर्करोगाच्या उपचारांत आपलं ब्लँकेट घट्ट धरून राहणाऱ्या एका लहान मुलीविषयी त्यांनी मासिकात वाचलं होतं. ‘पीनट्स’ या चित्रमालिकेत सदा ब्लँकेट घेऊन फिरणाऱ्या लायनसचं नाव त्यांनी या कामाला दिलं. आजारी आणि संकटातून गेलेल्या मुलांना नवी, हाताने केलेली पांघरुणं स्थानिक शाखांमार्फत मिळतात.

यातला ‘स्थानिक’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणत्या शाळेत किती मुलं विस्थापित आहेत, हे तिथल्या शाखेला, शाळेच्या समुपदेशकाला, ग्रंथपालाला ठाऊक असतं. त्यांना आधी फोन करावा, संख्या आणि वयं विचारावीत, मगच खोका बांधावा. वाहतुकीचा खर्च आपण उचलावा. ब्लँकेटाला लागणाऱ्या धाग्याच्या किमतीइतकेच पैसे त्याच गावच्या संस्थेला देता आले तर फारच उत्तम. वाटताना टेबलावर सगळी पांघरुणं उलगडून मांडावीत आणि मुलाला निवडू द्यावं. ज्याच्या आयुष्यातलं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं आहे, त्याला निळं की पिवळं एवढं तरी स्वतः ठरवता येतं. फोटोसाठी त्याला उभं करू नये.

गैरसमज: बातम्या थांबल्या, म्हणजे गरज संपली.

वस्तुस्थिती: प्वेर्तो रिकोत शेवटच्या घरांना वीज मिळायला जवळजवळ अकरा महिने लागले. कतरिनानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये सरकारने दिलेलं शेवटचं ट्रेलर-घर हललं ते २०१२ च्या फेब्रुवारीत, वादळानंतर सुमारे साडेसहा वर्षांनी. सप्टेंबरात टाके घालायला घेतलेलं पांघरूण संध्याकाळच्या सवडीने विणलं, तर जानेवारीत पुरं होतं. तोवर धावपट्ट्या मोकळ्या झालेल्या असतात, भिंती वाळायला लागलेल्या असतात, आणि एखाद्या कुटुंबाला नव्या घराची किल्ली मिळालेली असते. त्या घरात पलंग असतो, पण त्यावर घालायला काहीच नसतं.