भूजल-प्रतिमानांतील कणांचे सापळे

विहिरीत येणारे पाणी जमिनीखालून कोणत्या वाटेने येते, हे डोळ्यांना दिसत नाही. जवळपास कचऱ्याचा डेपो असेल, तर हाच प्रश्न पिणाऱ्यांच्या आरोग्याचा होतो. म्हणून भूजलाच्या गणिती प्रतिमानात काल्पनिक कण सोडून त्यांचे मार्ग आखले जातात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील डेव्हिड पोलॉक यांनी १९८८ मध्ये मांडलेली रीत व तीवर उभी असलेली ‘मॉडपाथ’ ही संगणक-आज्ञावली या कामी प्रसिद्ध आहे.

जलधर थराचे चौकोनी कोष्ठांत विभाजन करून प्रत्येक भिंतीतून वाहणारे पाणी ‘मॉडफ्लो’ ही आज्ञावली काढते. त्या प्रवाहास भिंतीच्या क्षेत्रफळाने व सच्छिद्रतेने भागून मॉडपाथ वेग मिळविते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये वेग समप्रमाणात बदलतो असे गृहीत धरल्यामुळे कण कोणत्या भिंतीतून व केव्हा बाहेर पडेल, हे सूत्रानेच सांगता येते.

कणाने थांबावयाचे कोठे, हा खरा वादाचा मुद्दा होय. विहिरीच्या कोष्ठाच्या सर्व भिंतींतून पाणी आतच येत असेल, तर कणास बाहेरची वाट नसते. तो आपोआप अडकतो. हा प्रबल सापळा. परंतु काही पाणी विहिरीत जाऊन उरलेले पुढे वाहत असेल, तर सापळा दुर्बल ठरतो. आलेला कण कोणत्या वाट्यातील, हे कोष्ठाच्या आत काय घडते ते ठाऊक नसल्यामुळे आज्ञावलीस कळूच शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. थरातून दर मीटर रुंदीस रोज १ घनमीटर पाणी एकसारखे वाहत आहे व विहीर रोज ४० घनमीटर उपसते. कोष्ठ १०० मीटरचे धरल्यास उपशाचा चौथा हिस्सा प्रत्येक भिंतीच्या वाट्यास येतो. वरच्या बाजूने ११० व दोन्ही कुशींतून १०-१० घनमीटर पाणी आत येते. खालून ९० बाहेर जाते. आत आलेल्या १३० पैकी विहिरीचे फक्त ४०! ‘कण थांबवा’ असा पर्याय निवडल्यास १३० ही विहिरीच्या नावे पडतात व संरक्षणक्षेत्र अवास्तव फुगते. ‘जाऊ द्या’ म्हटल्यास विहिरीस काहीच मिळत नाही, आणि दूषित पाण्याची वाट नकाशावरून पुसली जाते. हा दुसरा दोष अधिक घातक समजावा.

काही आवृत्त्यांत उपशाच्या प्रमाणाची मर्यादा ठरवून देण्याची सोय आहे. येथे ते प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. मर्यादा २५ ठेवली तर सर्व कण अडकतील, ५० ठेवली तर सर्व सुटतील. विहिरीच्या कोष्ठास वेगळा विभाग-क्रमांक देऊन तो थांब्याचा विभाग म्हणून नोंदविल्यासही हीच गत. तेथे सापळा केवळ हुकुमाने बसविलेला असतो. नदी किंवा प्रतिमानाची कड यांसाठी मात्र ही सोय उत्तम. विहिरीभोवती कण ठेवून ते उलट चालविले, तरी दुर्बल कोष्ठात येणारे सारे पाणी विहिरीचेच मानले जाते.

खरा उपाय जाळी बारीक करणे हाच. वरील उदाहरणात खालच्या भिंतीतून जाणारे पाणी शून्यावर येण्यास कोष्ठाची रुंदी उपशाच्या चौथ्या हिश्शाइतक्या प्रवाहाची, म्हणजे १० मीटर, असावी लागते. त्याहून लहान कोष्ठात सापळा प्रबल होतो. २५ मीटरचे कोष्ठ मात्र अद्याप दुर्बलच राहते, कारण खालून १५ घनमीटर निसटतात. सर्व प्रदेशावर इतकी बारीक जाळी घालण्याचे कारण नाही. विहिरीच्या आसपास ती असली म्हणजे पुरे. मॉडपाथच्या २०१६ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीस अशी जागोजागी बारीक केलेली जाळी चालते.