अदामा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधन

अदामा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ हे पूर्व आफ्रिकेतील इथियोपिया या देशातील एक सरकारी विद्यापीठ आहे. ते ओरोमिया प्रदेशातील अदामा या शहरात असून हे शहर राजधानी अदिस अबाबाच्या आग्नेयेस सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत वसले आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात शहराला नाझरेत हे नाव देण्यात आले होते. पुढे मूळचे अदामा हे नाव पुन्हा रूढ झाले, तरी जुन्या कागदपत्रांत आणि बोलण्यात नाझरेत हे नाव अजूनही आढळते. तंत्रशाळांसाठी शिक्षक घडविणारे एक महाविद्यालय सुमारे दोन दशकांत संशोधन विद्यापीठ कसे झाले आणि त्याच्या संशोधनाचा परिसराशी संबंध काय, याची माहिती या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

इथियोपियातील आधुनिक उच्च शिक्षणाचा आरंभ १९५० साली अदिस अबाबा येथे स्थापन झालेल्या विद्यापीठीय महाविद्यालयापासून मानला जातो. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक देशातील विद्यापीठांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मात्र ती चाळीसच्या पुढे गेली. एवढ्या अल्पावधीत एवढी वाढ झाल्याने इमारती उभ्या राहिल्या, विद्यार्थीही आले. डॉक्टरेट मिळविलेले अध्यापक आणि सुसज्ज प्रयोगशाळा मात्र त्या वेगाने उपलब्ध होणे शक्य नव्हते. याच काळात सरकारने प्रवेशांसाठी ७०:३० हे धोरण स्वीकारले. त्यानुसार सरकारी विद्यापीठांतील सुमारे ७० टक्के विद्यार्थी विज्ञान व तंत्रज्ञान शाखांकडे आणि उरलेले सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांकडे वळवायचे होते.

अदामा येथील संस्थेची स्थापना १९९३ साली नाझरेत तांत्रिक महाविद्यालय या नावाने झाली. पुढे तिचे नाव नाझरेत तांत्रिक शिक्षक शिक्षण महाविद्यालय असे करण्यात आले. यंत्रकाम, वीजकाम, बांधकाम असे विषय व्यवसाय शिक्षण संस्थांत शिकवू शकतील असे शिक्षक तयार करणे हे तिचे काम होते. मे २००६ मध्ये तिचे अदामा विद्यापीठात रूपांतर झाले. इथियोपिया व जर्मनी यांच्या सहकार्यातून अभियांत्रिकी शिक्षणाची पुनर्रचना सुरू असताना २००८ मध्ये विद्यापीठाचे प्रमुखपद एका जर्मन प्राध्यापकाकडे सोपविण्यात आले. मे २०११ मध्ये संस्थेला सध्याचे नाव मिळाले. त्यानंतरच्या काळात दक्षिण कोरियातील एका प्राध्यापकांनी तिचे नेतृत्व केले. आधी जर्मन व नंतर कोरियन वळणाचा अभियांत्रिकी शिक्षणाचा ठसा उमटलेली अशी संस्था विरळाच म्हणावी लागेल.

२०१४ मध्ये विद्यापीठ शिक्षण मंत्रालयाकडून विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाकडे गेले. असेला येथील कृषी व आरोग्य शाखा त्याच सुमारास वेगळ्या होऊन त्यांतून अर्सी विद्यापीठ उभे राहिले. अदामाकडे उपयोजित विज्ञान व अभियांत्रिकी हेच मुख्य क्षेत्र उरले. अदिस अबाबा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ ही याच धर्तीची दुसरी संस्था होय. या दोन्ही संस्थांत प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली.

संशोधनाचे स्वरूप

विद्यापीठाच्या संशोधनाचा सर्वांत मोठा भाग म्हणजे पदव्युत्तर व डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि त्यांतून निघणारे शोधनिबंध. पदार्थविज्ञान, जलसंपदा, विद्युत प्रणाली, वाहन तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, नागरी बांधकाम अशा विषयांवर काम चालते. ‘इथिओपियन जर्नल ऑफ सायन्स अँड सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ हे इंग्रजी संशोधन नियतकालिक विद्यापीठ स्वतः प्रकाशित करते. तथापि संशोधकांचा ओढा साहजिकच परदेशी नियतकालिकांकडे अधिक असतो, कारण बढतीच्या वेळी त्यांतील निबंधांना वजन असते.

हे सर्व लेखन इंग्रजीत होते. इथियोपियात माध्यमिक स्तरापासून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे; अदामाच्या परिसरातील लोक मात्र ओरोमो व अम्हारिक बोलतात. त्यांतही ओरोमो भाषा रोमन लिपीत आणि अम्हारिक भाषा गीझ लिपीत लिहिली जाते. ज्या गावातील विहिरीच्या पाण्यावर प्रबंध लिहिला गेला, त्या गावापर्यंत तो प्रबंध पोहोचायचा असेल, तर भाषा आणि लिपी असे दोन उंबरठे त्याला ओलांडावे लागतात.

इथियोपियातील संशोधनाचा मागोवा घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. पहिली गोष्ट नावांची. इथियोपियात आडनावाची प्रथा नाही. व्यक्तीच्या नावापुढे वडिलांचे आणि कधी आजोबांचे नाव येते. आंतरराष्ट्रीय सूची शेवटचे नाव आडनाव समजून नोंदवितात, त्यामुळे संशोधकाचे काम प्रत्यक्षात त्याच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाखाली जमा होते. एका निबंधात दोन नावे व दुसऱ्यात तीन नावे लिहिली असतील, तर एकच व्यक्ती दोन ठिकाणी विखुरली जाते. दुसरी गोष्ट कालगणनेची. इथियोपियाचे स्वतःचे पंचांग तेरा महिन्यांचे असून त्याचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि ते ग्रेगरीय वर्षापेक्षा सात ते आठ वर्षांनी मागे असते. स्थानिक अहवालावर २००७ असे छापलेले असेल, तर तो अहवाल २०१४-१५ मधील असू शकतो.

वनस्पती आणि नॅनोकण

विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांच्या प्रकाशित कामात धातूंच्या नॅनोकणांना ठळक स्थान आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. इतक्या सूक्ष्म कणांचे पृष्ठफळ त्यांच्या वस्तुमानाच्या मानाने प्रचंड असते, म्हणून त्यांचे गुणधर्म त्याच धातूच्या तुकड्याहून वेगळे असतात. हे कण तयार करण्याच्या प्रचलित रासायनिक पद्धतींत विषारी अभिकारके लागतात. त्याऐवजी वनस्पतीच्या पानांचा अर्क वापरण्याची पद्धत आहे. धातूच्या क्षाराच्या द्रावणात हा अर्क मिसळला की त्यातील फिनॉलवर्गीय संयुगे धातूच्या आयनांचे क्षपण करतात आणि तयार झालेल्या कणांभोवती आवरण धरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत.

२०२० साली विद्यापीठातील संशोधकांनी कोसो या वृक्षाच्या पानांपासून तांब्याचे नॅनोकण तयार केल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. कोसो हा आफ्रिकेच्या उंच पठारांवरील, गुलाबाच्या कुळातील वृक्ष. इथियोपियात कच्चे गोमांस खाण्याची चाल असल्याने पट्टकृमींचा त्रास सर्रास होत असे आणि कोसोची वाळलेली फुले हे त्यावरचे घरोघरी ठाऊक असलेले औषध होते. एकोणिसाव्या शतकात ते युरोपच्या औषधकोशांतही गेले. त्याच वर्षी कोसेरेत या सुगंधी झुडपाच्या पानांपासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनविल्याचा निबंधही अदामाहून प्रकाशित झाला. कोसेरेतची पाने तेथे निटर किब्बे या मसालेदार तुपात घालतात, म्हणजे ही वनस्पती स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत आली असे म्हणता येईल. दोन्ही प्रकारच्या कणांची जीवाणूंवर चाचणी घेण्यात आली. अशा चाचणीत जीवाणू वाढविलेल्या बशीत नमुना ठेवतात आणि त्याभोवती जीवाणूविरहित वर्तुळ किती मोठे पडते ते मोजतात.

या प्रकारच्या संशोधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. बशीतील वर्तुळ आणि रुग्णाला देता येईल असे औषध यांच्यात विषाक्ततेच्या तपासण्यांपासून मानवी चाचण्यांपर्यंत फार मोठे अंतर आहे. शिवाय वनस्पती बदलायची आणि तोच प्रयोग पुन्हा करायचा, अशा निबंधांची जगभर रीघ लागलेली आहे. तरीही कमी खर्चात, स्थानिक सामग्रीवर करता येणारा आणि विद्यार्थ्याला संश्लेषणापासून मापनापर्यंतच्या सर्व पायऱ्यांतून नेणारा प्रयोग म्हणून त्याचे मोल नाकारता येत नाही.

पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड

अदामा परिसरातील सर्वांत निकडीचा वैज्ञानिक प्रश्न पाण्याचा आहे. खचदरीतील खडक ज्वालामुखीजन्य असून त्यांतील फ्लोराइड भूजलात उतरते. सामान्यतः पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल, तर फ्लोराइडचा काही भाग कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपाने खाली बसतो. खचदरीच्या भूजलात सोडियम व बायकार्बोनेट अधिक आणि कॅल्शियम कमी असते, त्यामुळे फ्लोराइड विरघळलेलेच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी फ्लोराइडची मर्यादा दर लिटरला १.५ मिलिग्रॅम अशी सुचविली आहे. खचदरीतील अनेक विहिरी व कूपनलिका ही मर्यादा ओलांडतात.

असे पाणी लहानपणापासून पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात फ्लोराइड पोटात गेल्यास हाडे व सांधे ताठरतात, पाठीचा कणा वाकतो, मज्जारज्जूवर दाब येऊन माणूस पंगू होऊ शकतो. अदामापासून जवळच अवाश नदीच्या काठी वोंजी येथे १९५०च्या दशकात एका डच कंपनीने उसाचे मळे व साखर कारखाना उभारला. तेथे वर्षानुवर्षे कूपनलिकांचे पाणी प्यायलेल्या कामगारांमध्ये हाडांच्या फ्लुओरोसिसचे रुग्ण आढळले आणि वैद्यकीय नियतकालिकांतून त्यांची नोंद झाली. अदामा शहराला आता अवाश नदीचे प्रक्रिया केलेले पाणी मिळते. भूजलावरच विसंबून असलेल्या गावांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

फ्लोराइड काढून टाकण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९७०च्या दशकात नलगोंडा पद्धत विकसित केली. आता तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोराइडच्या समस्येवरून तिला हे नाव पडले. पाण्यात ठरावीक प्रमाणात तुरटी व चुना घालून आधी जोरात व मग सावकाश ढवळायचे. तयार झालेला गाळ फ्लोराइडला घेऊन तळाशी बसला की वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. इथियोपियाच्या खचदरीत ही पद्धत वापरून पाहण्यात आली. परंतु तेथील पाण्यात फ्लोराइड आणि अल्कता दोन्ही जास्त असल्याने तुरटी फार लागते, रोज मोजून घालावी लागते आणि उरलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. जनावरांच्या हाडांचा कोळसा गाळणीत वापरण्याचा पर्यायही तेथे पुढे आला. हाडातील कॅल्शियम फॉस्फेटयुक्त खनिज फ्लोराइडला धरून ठेवते आणि कच्चा माल स्थानिक असतो. मात्र हाडे कोणत्या जनावराची, हा प्रश्न ख्रिस्ती आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांत विचारला जाऊ शकतो.

या क्षेत्रातील इथियोपियन संशोधनाचा भर अधिशोषकांवर, म्हणजे आपल्या पृष्ठभागावर फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या पदार्थांवर आहे. अदिस अबाबा विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा असा उपयोग होतो हे २००६ साली इथियोपियाच्या रसायनशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात मांडले. त्या निबंधाच्या तीन लेखकांत तेथे अध्यापन करणारे एक भारतीय प्राध्यापकही होते. नंतरच्या काळात देशातील विविध विद्यापीठांत माती, खनिजे व नॅनोपदार्थ यांवर असे प्रयोग होत राहिले आहेत.

प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेला अधिशोषक गावात टिकतोच असे नाही. प्रयोगात बहुधा शुद्ध पाण्यात फ्लोराइड मिसळून द्रावण बनविलेले असते. विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेट व फॉस्फेट अधिशोषकावरील जागा अडवितात, त्यामुळे त्याची क्षमता घटते. पुढे तो संपृक्त होतो. मग तो बदलावा लागतो किंवा अल्कली द्रावणाने धुऊन पुन्हा वापरण्याजोगा करावा लागतो. फ्लोराइडला या प्रमाणात रंग, वास वा चव नसते. गाळणी निकामी झाली तरी पाणी भरणाऱ्या बाईला ते कळत नाही. पाणी आधीसारखेच स्वच्छ दिसते. फ्लोराइड मोजायला विशिष्ट आयन ओळखणारा विद्युदग्र, प्रमाणित द्रावणे आणि ते उपकरण नीट हाताळणारा माणूस लागतो. गावोगावी असा तंत्रज्ञ असणे, हे नव्या पदार्थाच्या शोधाइतकेच गरजेचे आहे. आणि तंत्रज्ञांना शिकविणारे शिक्षक तयार करणे हेच अदामाच्या संस्थेचे विद्यापीठ होण्यापूर्वीचे काम होते.