दोन अंकांची शस्त्रक्रिया

संगणकाची स्मृती दोन प्रकारची असते. एक आपण भरतो. दुसरी जन्मतःच यंत्राला मिळालेली असते. किल्ली दाबली की अक्षर उमटावे, टेपवरील आवाजातून मजकूर ओळखावा, हे सारे यंत्राला शिकवणारी जी आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. वैद्यकीय भाषेत सांगायचे तर या नवजाताच्या प्रतिक्षिप्त क्रियाच! जुन्या यंत्राच्या बाबतीत पहिल्या स्मृतीची काळजी सगळे करतात, दुसरीची कोणी करत नाही.

माझ्या अभ्यासाचे यंत्र होते टीआरएस-८० मॉडेल १००. जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवलेला आणि अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून १९८३ पासून विकला गेलेला हा वहीएवढा संगणक. पडद्यावर आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरे. पेन्सिल सेलच्या चार नगांवर सुमारे वीस तास चालणारा. आरंभीची किंमत १,०९९ डॉलर. त्याचे फर्मवेअर अवघे ३२ किलोबाइटचे. आज मोबाइलमधील एक छायाचित्रही त्याहून कितीतरी मोठे असते. त्या ३२ किलोबाइटांत बेसिक भाषा, लेखनाची सोय, पत्त्यांची वही आणि दूरध्वनीवरून संपर्काची व्यवस्था बसवलेली होती. आपण स्वतः मोठा भाग लिहिलेले हे शेवटचे यंत्र, असे बिल गेट्स यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे.

वडोदऱ्यातील माझ्या एका ज्येष्ठ शल्यचिकित्सक स्नेह्यांनी हे यंत्र १९८५ साली अमेरिकेहून आणले होते. त्यांच्या पश्चात, २०१८ साली, वहिनींनी ते माझ्याकडे सोपवले. सोबत एक ऑडिओ कॅसेट होती. वर डॉक्टरांच्या अक्षरात ‘टिपणे’ एवढेच. “भाऊजी, यातले काही वाचता आले तर बघा,” असे त्या म्हणाल्या. यंत्राच्या अंतर्गत स्मृतीतील मजकूर तर केव्हाच गेला होता, कारण तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या आधारावर जगतो आणि बॅटरी मेलेली होती. मात्र कॅसेटवरील ध्वनी अक्षरांत उलगडण्याची विद्या याच यंत्राच्या फर्मवेअरमध्ये होती. म्हणून ती चिप सांभाळणे हे पहिले काम.

त्याआधी गळलेल्या बॅटरीचा बंदोबस्त करावा लागला. तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषा खात खात खोल जाते. अल्कलीची जखम आम्लाच्या जखमेपेक्षा खोल का, हे या वाचकांना मी सांगायला नको. सौम्य व्हिनेगरने पुसून, स्पिरिटने स्वच्छ करून नवी बॅटरी बसवली आणि पडदा उजळला!

आता प्रत काढायची. गंमत अशी की यासाठी चिप उपटण्याची गरज नाही. बेसिकमध्ये ‘पीक’ ही आज्ञा आहे. ती कोणत्याही पत्त्यावरील बाइट वाचून दाखवते. शून्यापासून ३२,७६७ पर्यंतचे पत्ते म्हणजेच हे संपूर्ण फर्मवेअर. चार ओळींची आज्ञावली लिहिली आणि एकेक बाइट सीरियल केबलवरून नव्या संगणकात उतरवून घेतला. बेसिकची चाल संथ. चहा होऊन निवेपर्यंत वेळ लागतो. हा सोपस्कार मी तीनदा केला व तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. एकाच वाचनावर विसंबणे म्हणजे एकाच रक्तदाबावर निदान करणे.

प्रत हाती आल्यावरच सुधारणेचा विचार. या फर्मवेअरमध्ये सालाच्या आधीचा ‘१९’ हा आकडा कायमचा लिहिलेला असल्यामुळे २०१८ हे साल तेथे १९१८ दिसते. (वार तर यंत्र स्वतः काढतच नाही; तो आपणच सांगावा लागतो.) खरे तर एवढ्याने काही अडत नाही आणि निव्वळ हौसेखातर यंत्र उघडू नये, या मताचा मी आहे. तथापि प्रत सुरक्षित होती. तिच्या नकलेत ‘१९’च्या जागी ‘२०’ घालून ती एका ईप्रॉम चिपवर चढवली. मूळ चिपच्या पायांची मांडणी प्रचलित २७सी२५६ चिपहून निराळी असल्याने मध्ये जोडपट्टी घालावी लागते.

ईप्रॉमच्या पाठीवर काचेची खिडकी असते. २५३.७ नॅनोमीटरचे अतिनील किरण तिच्यावर पाडले की आतले लेखन पुसले जाते. शस्त्रक्रियागृहात जंतुनाशनासाठी वापरतात त्या दिव्याचीच ही तरंगलांबी. उघडी खिडकी थेट उन्हात सुमारे आठवडाभर, ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षे राहिली तरी तोच परिणाम होऊ शकतो, असे उत्पादकांची पत्रके सांगतात. म्हणून तिच्यावर अपारदर्शक पट्टी चिकटवतात. दवाखान्यातल्या जुन्या यंत्रात अशी पट्टी दिसली तर कुतूहलाने उचकटू नये! शिवाय पट्टी असली तरी चिपमधील विद्युतभार वर्षानुवर्षे झिरपतच असतो. रुग्णांवर वापरात असलेल्या उपकरणाचे फर्मवेअर आपण होऊन बदलणे सर्वथा वर्ज्य. पण त्याची प्रत कोणाकडे आहे, हे देखभाल करणाऱ्या अभियंत्याला जरूर विचारावे. आपल्या मालकीच्या आज्ञावलीची संरक्षक प्रत करून ठेवण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

कॅसेटवरील तीन फाइलींपैकी दोन उतरल्या. तिसरीवर यंत्र अडून बसले. टिपणे होती रोमन लिपीतल्या मराठीत, कारण पडद्याला देवनागरी ठाऊक नव्हती. पहिलीत निवासी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, दुसरीत एका दिवाळीचा घरखर्च. वहिनींनी दुसरी छापून घेतली. मूळ चिप आता काळ्या फोममध्ये खोचून, वर तारीख घालून, त्या कॅसेटच्याच डबीशेजारी ठेवली आहे. तिसरी फाइल दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर वाजवून पाहायची आहे.