चंद्रावरची झाडलोट

माणूस पुन्हा चंद्रावर जाणार म्हटले की चर्चा होते ती अग्निबाणाची: त्याची उंची, त्याचा जोर, त्याचा खर्च. या विषयाचे वाचन करताना माझे लक्ष मात्र वारंवार एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे वळत गेले. ती म्हणजे तिथली धूळ. परतीच्या तयारीचा विचार तिच्यापासूनच सुरू करावा, असे मला वाटते.

ही धूळ आपल्या अंगणातल्या धुळीसारखी नाही. पृथ्वीवर वारा आणि पाणी मातीचे कण घासून गुळगुळीत करतात. चंद्रावर दोन्ही नाहीत. तिथे अब्जावधी वर्षे लहानमोठ्या उल्का आदळत आहेत. खडक फुटतो, वितळतो, त्याचे काचेसारखे कण होतात आणि त्यांच्या कडा धारदारच राहतात. त्यात सूर्यप्रकाश आणि सौरवात या कणांना विद्युतभारित करतात. म्हणून धूळ कापडाला, काचेला, रबराला चिकटून बसते आणि झटकून जात नाही.

डिसेंबर 1972 मध्ये 'अपोलो 17'च्या यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट यांनी तीन फेऱ्यांत सुमारे 22 तास यानाबाहेर काम केले. त्यांच्या चांद्रगाडीचे मडगार्ड तुटले आणि अंगावर धुळीचा वर्षाव होऊ लागला. शेवटी नकाशे चिकटपट्टीने जोडून त्यांनी नवे मडगार्ड बनवले. यानात परतल्यावर धुळीला बंदुकीच्या जळक्या दारूसारखा वास येत होता आणि श्मिट यांचे नाक चोंदले होते. अपोलो मोहिमांत नमुन्यांच्या काही पेट्याही धुळीमुळे हवाबंद राहिल्या नाहीत.

तीन दिवसांच्या मुक्कामात हे निभावले. आता 'आर्टेमिस' कार्यक्रमाचा रोख दक्षिण ध्रुवाजवळच्या दीर्घ मुक्कामावर आहे, कारण तिथल्या कायम अंधारातल्या विवरांत बर्फ आहे. दीर्घ मुक्कामात प्रश्न फुफ्फुसांचा होतो. दगडखाणीतल्या कामगारांचा सिलिकोसिस आपल्याला ठाऊक आहे. चंद्रधुळीची घडण वेगळी असली, तरी तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जाऊ शकतात. गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असल्याने ते सावकाश खाली बसतात आणि फुफ्फुसात अधिक खोल पोचू शकतात.

धोका उतरतानाही आहे. नोव्हेंबर 1969 मध्ये 'अपोलो 12' आधीच्या 'सर्व्हेयर 3' यानापासून सुमारे 160 मीटरवर उतरले. त्या यानाचे भाग पृथ्वीवर आणून तपासले, तेव्हा उडालेल्या धुळीने त्यांचा पृष्ठभाग खरवडल्याचे दिसले. हवाच नसल्याने तिथे उडालेल्या कणाला अडवणारे काही नसते. उद्या वस्तीशेजारी यान उतरवायचे, तर आधी तळ बांधावा लागेल किंवा आडोसा उभारावा लागेल.

उपाय शोधले जात आहेत. विद्युत क्षेत्राने धूळ सरकवणारे एक उपकरण 'नासा'ने मार्च 2025 मध्ये 'ब्लू घोस्ट' यानावर, प्रत्यक्ष चंद्रावर तपासले आणि ते चालले. चाचण्यांसाठी चंद्रासारखी मातीही लागते. 'इस्रो'ने तमिळनाडूत सेलमच्या परिसरातला अनॉर्थोसाइट दळून ती तयार केली. चंद्राच्या उंचवट्याचे प्रदेश मुख्यतः याच खडकाचे आहेत. चंद्रावरचे काळे डाग मात्र बेसॉल्टचे आहेत, आणि त्यासाठी आपल्याला बुलढाणा जिल्ह्यापलीकडे जायला नको. लोणारचे विवर उल्केने बेसॉल्टमध्येच पाडले आहे, म्हणून तिथले फुटलेले, वितळलेले दगड अभ्यासक चंद्रावरच्या दगडांशी ताडून पाहतात.

भारताने 2040 पर्यंत चंद्रावर माणूस उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या दिवशी टाळ्या अग्निबाणाला मिळतील, आणि त्या मिळायलाही हव्यात. पण अपोलोचे वीर पाहुणे होते; पायधूळ झाडून निघून गेले. ज्यांना तिथे बिऱ्हाड करायचे आहे, त्यांना रोजच्या झाडलोटीचे शास्त्र आधी शिकावे लागेल.