विश्लेषण : चार हार्ड डिस्क जोडून एक केल्या... जागा वाढते, पण डेटा सुरक्षित राहतो?

लग्नाचा व्हिडीओ असो, दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण असो की घरातले वीस वर्षांचे फोटो. एक हार्ड डिस्क आता पुरत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे अनेक डिस्क जोडून संगणकाला एकच मोठी डिस्क असल्याचे भासवणे. मात्र ही जोडणी कशी केली, यावर डेटाचे भवितव्य ठरते.

गरज किती मोठी?

नागपुरात स्मार्ट सिटी प्रकल्पातून साडेतीन हजारांहून अधिक सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्यात आले. एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने साठवले असे धरले, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. साडेतीन हजार कॅमेऱ्यांचा हिशेब रोज १५० टीबीवर जातो, म्हणजे १० टीबीच्या १५ डिस्क. याच हिशेबाने चार कॅमेऱ्यांच्या दुकानालाही महिन्याला पाच टीबी जागा लागते.

‘एकच डिस्क’ कशी दिसते?

समजा, कळमना बाजारातील व्यापाऱ्याकडे चार गोदामे आहेत, पण माल कुठे ठेवला याची वही एकच. ग्राहकाला गोदामे दिसत नाहीत, माल मिळतो. संगणकातही डिस्क वेगळ्याच राहतात, ही वही सॉफ्टवेअर सांभाळते. लिनक्समध्ये ‘एलव्हीएम’, तर विंडोज ८ पासून ‘स्टोरेज स्पेसेस’ हे काम करते.

जोडणीचे प्रकार कोणते?

प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क घेऊ.

* स्पॅनिंग : एक डिस्क भरली की पुढची. जागा पूर्ण १६ टीबी, संरक्षण शून्य.
* रेड-० : प्रत्येक फाइलचे तुकडे चारही डिस्कवर. वेग वाढतो, जागा १६ टीबी. पण एक डिस्क गेली की सगळेच गेले.
* रेड-१० : डिस्कच्या दोन जोड्या, जोडीतील दोन्ही डिस्कवर तोच डेटा. जागा ८ टीबी.
* रेड-५ : जागा १२ टीबी. कोणतीही एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो.
* रेड-६ : जागा ८ टीबी. कोणत्याही दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचतो.

‘रेड’ची कल्पना १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी शोधनिबंधात मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरा, हा त्यांचा मुद्दा होता.

गेलेला डेटा परत कसा येतो?

एका डिस्कवर ५, दुसरीवर ३ आणि तिसरीवर त्यांची बेरीज ८ लिहिली. पहिली डिस्क जळाली, तरी ८ मधून ३ वजा केले की ५ परत मिळतात. रेड-५ मधील गणित वेगळे असले, तरी तत्त्व हेच.

धोका का वाढतो?

एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २ टक्के धरली, तर रेड-० मधील चारपैकी किमान एक बिघडण्याची शक्यता जवळपास ८ टक्के होते. म्हणजे जागा चौपट आणि जोखीमही जवळपास चौपट. रेड-५ मध्येही डिस्क बदलल्यावर डेटा पुन्हा भरायला अनेक तास, कधी दिवसही लागतात. त्या काळात दुसरी डिस्क बिघडली, तर सारेच हातचे जाते. एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वापरलेल्या डिस्क पाठोपाठ बिघडू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे!

चुकून पुसलेली फाइल आरशासारखी दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरस, चोरी किंवा आग यांपासूनही रेड वाचवत नाही. म्हणून महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा.

नागपूरकरांनी काय पाहावे?

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा डिस्कचा डबा बंद कपाटात ठेवू नये. हवा खेळती हवी. वीज अचानक गेल्यास लिहिणे अर्धवट राहते, म्हणून यूपीएस लावावा. बिघाडाची सूचना मोबाइलवर येईल अशी सोय सुरू करावी, कारण एक डिस्क बंद पडूनही रेड-५ चालूच राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. नवे चित्रण भरण्यासाठी स्पॅनिंग चालेल. पण ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, तो लग्नाचा व्हिडीओ त्यावर ठेवू नये.